बस म्हटलं की बस

सासूबाईंनी स्वतःसाठी पॅन्ट शिवायला घेतली, तेव्हाच सूनबाईनं ओळखलं की प्रकरण आता हाताबाहेर गेलंय.

उभा जन्म सासूबाईंनी लोकांचे कपडे शिवले. गल्लीच्या तोंडाशी त्यांचं दुकान होतं आणि शाळेचे गणवेश ही त्यांची खासियत. अर्धा गाव त्यांच्या हातच्या चड्ड्या फाडत मोठा झाला होता. पण स्वतःसाठी पॅन्ट? कधीच नाही. आणि ही पॅन्ट साधीसुधी नव्हती. जाड निळं कापड, गुडघ्यांना आतून दुहेरी अस्तर, आणि कोपरापर्यंत हात आत जाईल एवढे खिसे.

"कुठे निघालात, आई?"

"नाकाच्या पलीकडे," तोंडात टाचण्या धरूनच सासूबाई म्हणाल्या.

नाक म्हणजे समुद्रात घुसलेलं ते भलंमोठं टोक. धक्क्यावर उभं राहिलं की कड्यांची रांग जिथे संपते तिथे ते दिसायचं. कोणीतरी पांघरूण घेऊन उताणं झोपलंय आणि नाक तेवढं बाहेर राहिलंय, अगदी तसं. कड्याच्या माथ्यावरून एक पायवाट गावातून निघायची, नाकाला वळसा घालायची आणि पलीकडच्या वस्तीत उतरायची. सकाळी निघावं, संध्याकाळी पोचावं, वस्तीतून बस धरून घरी यावं. गावातले सगळे कधी ना कधी जाऊन आले होते. सासूबाई सोडून.

निघाल्या होत्या तशा बऱ्याचदा. दुकानाला सुट्टी असली की सासऱ्यांबरोबर निघायच्या. पण एकदा पोरगं, म्हणजे सूनबाईचा नवरा, तेव्हा एवढासा होता, ते वाटेत ओकलं. एकदा धुकं उतरलं. पुढे सासऱ्यांनाच धाप लागायला लागली. दर वेळी कोणी ना कोणी 'बस' म्हणायचं आणि सगळी वरात माघारी. मग सासरे गेले, आणि त्यांच्यामागून सासूबाईंचा डावा गुडघाही गेला. पुढच्या महिन्यात ऑपरेशन होतं. त्यानंतर चालायचं ते सपाटीवर, चढउतार विसरायचा, असं डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. त्याआधी एकदा, जपून, जाऊन यायला मात्र त्यांनी होकार दिला होता.

"जन्मभर त्या नाकाची एकच नाकपुडी बघत आले," सासूबाई म्हणाल्या. "दुसरी आहे की नाही, एवढं तरी बघून घेऊ दे."

नवरा बंदरावर क्रेन चालवायचा. त्याला रजा मिळेना. "तू जा ना बरोबर," तो जेवताना म्हणाला. "आईला तूच आवरशील."

आवरायचं! सूनबाईला स्वतःला आवरणं जमत नव्हतं. घराबाहेर पडताना गॅस बंद आहे का ते बघून, मग आपण बघितलंय का तेही बघणारी बाई ती. लेकीला द्राक्षंसुद्धा चिरून द्यायची. त्यात कॉलेजात भूगोल शिकलेली. समुद्रकाठचे कडे कसे पोखरतात आणि कसे ढासळतात यावर तिनं तेव्हा भलामोठा निबंध लिहिला होता. परीक्षेनंतर बाकी सगळं डोक्यातून गेलं, हे मात्र पोटात गोळा होऊन राहिलं.

"येते मी," ती म्हणाली. "पण माझी एक अट आहे. मी बस म्हटलं की परत फिरायचं. का, कशाला, अजून थोडंच राहिलंय, असलं काही ऐकणार नाही."

सासूबाईंनी दोरा दातानं तोडला. "बस म्हटलं की बस."

सासूबाईंचा शब्द म्हणजे काय, ते सूनबाईला ठाऊक होतं. पायमशीन चालवू नका, असं डॉक्टर म्हणाले, तेव्हा लेकानं त्यांच्याकडून तसं कबूल करून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन समोरच्या होतकरू मुलीच्या घरी पोचलंसुद्धा. कुरकुर नाही, डोळ्यांत पाणी नाही. रिकाम्या जागेवर त्यांनी फडकं फिरवलं आणि चहा टाकला. सूनबाई ते बघत दारात उभी होती. इतकं सरळ कोणाला वागता येतं, याचंच तिला त्या दिवशी नवल वाटलं होतं.

राहता राहिली भिंगरी. पाच वर्षांची लेक. एका जागी ठरत नाही म्हणून हे नाव आजीनंच ठेवलेलं. बालवाडीला सुट्टी, ठेवायचं कोणाकडे? न्यावंच लागणार. मग सूनबाईनं रात्री हळूच लेकीचं जॅकेट सासूबाईंपुढे ठेवलं.

"आई, याच्या पाठीला एक मूठ शिवून द्याल? धरायला. जाड पट्टीची."

सासूबाईंनी चष्म्यावरून बघितलं. "ही पोरगी आहे की सुटकेस?"

"हसा तुम्ही."

"हसत नाही. चाकंही लावून देऊ का, ते विचारतेय."

पण शिवून दिली, घरातल्या जुन्या हातमशीनवर. पट्टी चौपदरी, दोन्ही टोकांना फुल्यांची शिवण, वरून आणखी एकदा हातशिलाई. ओढून बघितली, स्वतः लोंबकळल्यासारखं करून बघितली आणि म्हणाल्या, "आता हिच्यासकट घर उचल."

निघाल्या त्या दिवशी आभाळ स्वच्छ होतं आणि वारा समुद्रावरून येत होता. गावातलं शेवटचं घर मागे पडलं, वाट चढायला लागली, आणि पहिल्याच वळणावर समुद्र असा अंगावर आला की सूनबाईनं मूठ घट्ट धरली. खाली किती खोल ते बघायचं नाही असं तिनं ठरवलं होतं. बघितलंच. हिरवं पाणी खडकावर चढत होतं, फुटत होतं, पांढरं होऊन ओघळत होतं. एवढ्या वरून त्याचा आवाज उशिरा येत होता, आधी फुटलेलं दिसायचं, मग ऐकू यायचं.

"आई, माझी पाठ ओढली जातेय," भिंगरी म्हणाली. "तू मला उचलतेयस."

"बरं. सैल धरते."

सैल म्हणजे एका बोटाची ढील.

सासूबाई पुढे होत्या. काठी टेकायची, चांगला पाय वर, मग दुखरा. त्यात एक ताल होता, मशीनच्या पायपट्टीसारखा. घाई नाही आणि थांबणंही नाही. सूनबाई त्यांच्या पाठीवर डोळे लावून चालत होती. कुठे चेहरा आक्रसतो का, कुठे काठीवर जास्त भार पडतो का. 'बस' हा शब्द तिनं जिभेखाली गोळीसारखा धरून ठेवला होता. एका चढावर सासूबाई थांबल्या, गुडघ्यावरून तळवा फिरवला, कापडाची सुरकुती मोडावी तसा. सूनबाईनं तोंड उघडलं.

"इकडे ये, हे बघ," सासूबाई त्याआधीच म्हणाल्या. "कडा बघ कसा आहे. तांबडा थर, पिवळा थर, परत तांबडा. आणि कुठेही सरळ रेघ नाही. माझ्याकडे कोणी असा काठ मागितला असता तर मी म्हटलं असतं, जमणार नाही बाई, दुसरीकडे जा."

सूनबाईनं बघितलं. तिनं हे थर वहीत काढले होते, त्यांना रंग दिला होता, मार्क मिळवले होते. उन्हात ते असे आतून पेटल्यासारखे दिसतात हे कोणी सांगितलंच नव्हतं. जिभेखालची गोळी तिनं गिळून टाकली.

असं दोनतीनदा झालं. ती 'बस' म्हणायला जायची आणि समोर काहीतरी यायचं. कड्याच्या कपारीत जांभळ्या फुलांचा गालिचा. खाली पाण्यात आपली सावली ओढत चाललेली एकटी होडी. आणि एकदा तर पाठीमागून वारा असा भरला की भिंगरीनं दोन्ही हात पसरले आणि ओरडली, "मी उडतेय, आई, मूठ सोडू नको, मी उडतेय!" त्यावर तिघीही हसत सुटल्या.

दुपारी एका सपाट खडकाच्या आडोशाला बसून त्यांनी पाव आणि उकडलेली अंडी खाल्ली. सासूबाई थर्मासमधला चहा ओतत म्हणाल्या, "हा आमचा परतीचा खडक. इथवर यायचो. हे इथे बसायचे आणि म्हणायचे, पुढच्या वेळी नक्की."

"आणि तुम्ही?"

"मी म्हणायचे, चला." त्यांनी खडकावर दोनदा थोपटलं, दुकानात गिऱ्हाईक उठून गेल्यावर स्टुलावर थोपटायच्या तसं, आणि काठी उचलली. "चला." पण या वेळी निघाल्या त्या पुढे.

नाकाची वाट मात्र वेगळी निघाली. तिथे माथाच नव्हता. उभ्या कातळात कोरून काढलेली एक पट्टी, एका माणसापुरती. डाव्या हाताला कातळ, त्यात ठोकलेली जाड साखळी, उजव्या हाताला काही नाही. तसं बघायला गेलं तर घाबरण्यासारखं नव्हतं. समोरून एक म्हातारं जोडपं आलं, आजोबांच्या काखेत छोटंसं कुत्रं, आणि ते बायकोशी कुठल्याशा जावयावरून भांडत होते. चालता चालता. कड्याच्या पोटावर.

"ही माणसं बघ," सासूबाई हरखून म्हणाल्या. "भांडण इथपर्यंत आणलंय." आणि साखळीला हात लावून पुढे झाल्या. त्यांच्यामागे भिंगरी. पट्टी एवढी अरुंद की मूठ धरून चालायचं तर सूनबाईला वाकावं लागत होतं. तेवढ्यात तिची बोटं साखळीवर इतकी आवळली की दुसरा हात सुटला. फक्त क्षणभर. भिंगरी चार पावलं पुढे गेली. सासूबाई तोवर वळणाआड दिसेनाशा झाल्या होत्या.

पट्टीच्या कडेला, अगदी हाताशी, एक पांढरा पक्षी अंड्यावर बसला होता. भिंगरीनं त्याच्याकडे वाकून बघितलं.

"बस!" सूनबाई ओरडली. "बस खाली! बस!"

भिंगरी तिथल्या तिथे खाली बसली, कातळाला पाठ लावून, मांडी घालून. पक्ष्यानं मान वळवून दोघींकडे तुच्छतेनं बघितलं. सूनबाईनं सरकत सरकत जाऊन मूठ पकडली. आणि मग तिच्या लक्षात आलं की आता तिला पुढेही जाता येत नाही आणि मागेही. पाय कोणीतरी वाटेला शिवून टाकले होते.

वळणावरून सासूबाई परत आल्या. शांतपणे, काठी टेकत. चेहऱ्यावर काही नाही.

"ठीक आहे," त्या म्हणाल्या. "चला, फिरूया. तू आधी वळ, साखळी सोडू नको. घाई नाही."

सूनबाईला आधी वाटलं, गुडघा गेला. "दुखतोय का?"

"नाही गं. तू बस म्हणालीस ना."

वारा होताच. 'खाली' वाऱ्यानं नेलं होतं, 'बस' तेवढं वळणापलीकडे पोचवलं होतं.

सूनबाई गप्प राहिली. खोटं कशाला बोला, तिच्या छातीवरचं ओझं एकदम उतरलं होतं. तिला काही करायचंच नव्हतं. फक्त बोलायचं नव्हतं. आल्या वाटेनं चार पावलं, मग मोकळा माथा, मग घर. अट तिचीच होती, सासूबाईंनी पाळली होती, कोणी कोणाला बोल लावायचं कारण नव्हतं. सासूबाईंनी मागे वळून वळणाकडे बघितलंही नाही. पिशवीचा पट्टा सरळ केला, गुडघ्यावरून तळवा फिरवला आणि सूनबाई वळायची वाट बघत उभ्या राहिल्या. त्या दिवशी मशीनच्या रिकाम्या जागेवर फडकं फिरवताना जसा चेहरा होता, तसाच.

तो चेहरा सूनबाईला बघवला नाही.

"आई," ती म्हणाली. "ते तुम्हाला नव्हतं. मी हिला म्हटलं, बस. खाली बस. ती वाकली होती."

"हो," भिंगरीनं दुजोरा दिला. "मी बसलेयच की. कधीची बसलेय."

सासूबाई सुनेच्या तोंडाकडे बघत राहिल्या. मग तिच्या साखळीवरच्या पांढऱ्या पडलेल्या बोटांकडे. "आणि स्वतःला काय म्हणतेस? खरं सांग. तुला जमत नसेल तर तेही बसच आहे. माझ्या हिशेबी तेवढंच मोठं."

"जमत नाहीये," सूनबाई म्हणाली. "पण बस नाही म्हणत. पाय हलत नाहीत, एवढंच."

"एवढंच होय," सासूबाई म्हणाल्या. "ते होतं. नवीन सुई पहिल्यांदा जाड कापडात अडते तसं. ओढायचं नसतं, थांबायचं."

तिघी थांबल्या. खाली समुद्र आपलं काम करत होता. भिंगरीला मात्र थांबणं कुठलं माहीत! ती उठली, पाठ आईकडे केली आणि मान वळवून म्हणाली, "आई, तू माझी मूठ धर. मी नेते तुला. आजी मला नेईल. रेलगाडी."

"अगं, पण मूठ तुझ्यासाठी..."

"मला नकोच होती. मी काय सुटकेस आहे?"

सासूबाईंनी तोंडावर हात धरला. पण त्या हसत होत्या, खांदे हलत होते. सूनबाईही हसली, आणि हसण्याच्या भरात एक पाय उचलला गेला. मग तिनं खाली बघायचं सोडून समोर बघितलं. समोर चौपदरी पट्टी होती, फुल्यांची शिवण, वरून हातशिलाई, एकसारखे, बारीक, जिवाला जीव देणारे टाके. एवढी गंमत करत होत्या आणि शिवताना एक टाका कमी घातला नव्हता. एका हातात साखळी, एका हातात मूठ, असं करत सूनबाई चालली. पुढे तिची पाच वर्षांची पोर, जिला द्राक्ष चिरून द्यावं लागतं, ती तोंडानं इंजिनाचा आवाज काढत, पाऊल न चुकवता, कातळाला चिकटून चालली होती. तिला हे कोणी शिकवलं? कधी शिकली? आपण एवढं डोळ्यांत तेल घालून बघत होतो, तर हे दिसलं कसं नाही?

वळण आलं. सासूबाई थांबल्या.

"आलं," त्या म्हणाल्या. एवढंच.

पट्टी रुंद होऊन एक अंगण झालं होतं, आणि समोर नाकाची दुसरी बाजू होती. पलीकडचा सगळा किनारा एकदम उघडला होता, कड्यामागे कडा, कड्यामागे कडा, प्रत्येक आधीच्यापेक्षा निळा, शेवटचा तर आभाळातच विरघळलेला. गावाकडून कधी वाटलंच नव्हतं की पलीकडे एवढं असेल. आणि पायाखाली, नाकाच्या मुळाशी, कातळात एक भलंमोठं गोल भोक होतं. लाट आत शिरायची, काळोखात गुडूप व्हायची, आणि घोरल्यासारखा आवाज करत फेस बाहेर यायचा.

"नाकपुडी!" सासूबाई म्हणाल्या. त्यांचा आवाज लहान मुलीसारखा झाला होता. "अगं, खरंच आहे! खरंच नाकपुडी आहे!"

भिंगरीनं नीट निरखून बघितलं. "आजी, त्याला शेंबूड आलाय."

सासूबाई हसायला लागल्या त्या थांबेचनात. शेवटी काठी टाकून खाली बसल्या, डोळे पुसले, आणि समुद्राकडे तोंड करून म्हणाल्या, "ऐकलंत? आणि तुम्ही म्हणे पुढच्या वेळी!"

सूनबाई त्यांच्याशेजारी टेकली. तिनं मनातल्या मनात निबंधातली वाक्यं आठवून बघितली, लाटा कातळ कसा पोखरतात वगैरे. सगळं खरं होतं. फक्त त्यात हे नव्हतं, की पोखरल्यावर ते इतकं सुंदर दिसतं. बराच वेळ कोणी निघूया म्हटलं नाही, आणि या वेळी तर तिनंही नाही.

उतार सोपा होता, पण सासूबाईंचा गुडघा आता खरोखर बोलायला लागला होता. शेवटी शेवटी त्यांनी एक हात सुनेच्या खांद्यावर टाकला, कुठलेही आढेवेढे न घेता. वस्तीची पहिली घरं दिसली, रस्ता दिसला, आणि भिंगरी पुढे धावत ओरडली, "बस! बस! बस!"

सासूबाई एक पाय उचलून तशाच थांबल्या. "कुठली गं? परत फिरायची, खाली बसायची की चढायची?"

"चढायची!"

"मग ठीक आहे."

गाडीत भिंगरी दोघींच्या मध्ये बसल्या बसल्या झोपली, तोंड उघडं, बुटांना तांबडी माती. खिडकीतून नाक दिसत होतं, या बाजूनं पहिल्यांदाच. सासूबाईंनी वाकून सुनेच्या हाताकडे बघितलं. मुठीवरची पकड अजून सुटली नव्हती.

"सोड आता. झोपलीय ती, कुठे पळत नाही."

"असू दे आई," सूनबाई म्हणाली. "तिच्यासाठी धरलेली नाहीये."

सासूबाईंनी चष्मा लावला, पट्टीवरून या टोकापासून त्या टोकापर्यंत अंगठा फिरवला, शिवण उजेडाकडे करून बघितली आणि समाधानानं मागे टेकल्या.

"एक टाका हलला नाही," त्या म्हणाल्या.